एक तक्ता आणि तीन बॉयलर

काही वर्षांपूर्वी पंढरपुरातील एका शाळेत भरलेल्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. दालनाच्या मधोमध पत्र्याची एक सुबक आगबोट मांडलेली होती. आत तांब्याच्या नळीचे वेटोळे, खाली स्पिरिटचा दिवा, वर लाल रंगाचे धुराडे. बोटीच्या मागे भिंतीवर सुंदर अक्षरांत लिहिलेला तक्ता टांगला होता. ‘जहाजाच्या बॉयलरची कार्यक्षमता कशी वाढवतात?’ हा त्याचा मथळा. त्याखाली चार वाक्ये होती.

१. वाफेचा दाब वाढवला की बॉयलरची कार्यक्षमता वाढते.
२. बॉयलरला उष्णतारोधक आवरण घातले की उष्णता वाया जात नाही.
३. आधुनिक जहाजांच्या बॉयलरची कार्यक्षमता ८८ टक्के असते, म्हणजे इंधनातील ८८ टक्के ऊर्जेवर जहाज चालते.
४. साखर कारखान्यांचे बॉयलर केवळ ७० टक्के कार्यक्षम असतात. त्यांनी जहाजांपासून बोध घ्यावा.

आम्ही त्या प्रतिकृतीला पहिला क्रमांक दिला. बोट चालत होती, मुले धीटपणे बोलत होती आणि वेळ थोडा होता. परत येताना एस.टी.त बसल्यावर मात त्या चार वाक्यांनी पिच्छा पुरवला. चारही वाक्ये ऐकायला बरोबर वाटतात, एखाद्या पुस्तकात सहज खपून जातील अशी आहेत. परंतु नीट पाहिले तर त्यांपैकी एकही जसेच्या तसे खरे नाही. चूक त्या मुलांची नव्हती. वाफेवरचा धडा आपण ज्या रीतीने शिकवतो, त्या रीतीतून हीच वाक्ये तयार होतात. म्हणून हे परीक्षण उशिरा का होईना लिहीत आहोत. ते त्या मुलांचे नसून त्या तक्त्याचे, आपल्या धड्याचे आणि परीक्षक म्हणून आमचेही आहे.

आगबोटीला काटकसर का लागते?

धड्याचा आरंभ बहुधा जेम्स वॅट आणि किटलीच्या झाकणाने होतो. गोष्ट गोड आहे, पण तिच्यातून एवढेच कळते की वाफेत जोर असतो. ही गोष्ट वॅटच्या आधीच्या लोकांनाही ठाऊक होती. वॅटचे खरे काम कोळसा वाचवण्याचे होते. ते किटलीच्या गोष्टीत येत नाही आणि त्यामुळे कार्यक्षमता हा शब्द धड्याच्या शेवटी केवळ एक सूत्र म्हणून उरतो.

त्याऐवजी आपल्याच मुंबईतले उदाहरण घेता येईल. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. वाफेवर मुंबईहून सुएझ गाठणारी ती पहिली बोट. एडनपर्यंतचा पल्ला गाठायचा तर तिच्या कोठारात मावेल तेवढा कोळसा पुरणार नव्हता. म्हणून प्रवाशांच्या खोल्यांतही कोळसा भरला होता! बॉयलर जितका उधळा, तितका कोळसा जास्त आणि जितका कोळसा जास्त, तितकी माल व माणसांना जागा कमी. जमिनीवरच्या गिरणीत उधळपट्टीने खर्च वाढतो. समुद्रात तिने प्रवासच अशक्य होतो. म्हणूनच बॉयलरच्या काटकसरीचे कितीतरी धडे आगबोटींनी गिरवले.

याच संदर्भात आणखी एक नाव वर्गात सांगण्याजोगे आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झालेले पहिले भारतीय म्हणजे अर्देशिर करसेटजी वाडिया. साल १८४१. रामानुजन यांच्या कितीतरी आधीचे. ते मुंबईच्या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यातले आणि वाफेच्या यंत्रांचे अभियंते होते. वाफेचा धडा केवळ विलायतेत घडला असे मुलांना वाटत असेल, तर तो समज दूर करायला हे एक नाव पुरेसे आहे.

पहिले वाक्य : दाब आणि कार्यक्षमता

‘दाब वाढवला की बॉयलरची कार्यक्षमता वाढते.’ आम्ही मुलांना विचारले होते, “का?” एक जण म्हणाला, “दाब जास्त म्हणजे ताकद जास्त, सर.” येथेच गोंधळाचे मूळ आहे. या वाक्यात दोन वेगवेगळ्या कार्यक्षमता एकत्र कालवल्या आहेत.

पहिली बॉयलरची. इंधन जळून जेवढी उष्णता निघाली, तिच्यापैकी किती वाफेत उतरली? दुसरी यंत्राची. वाफेत उतरलेल्या उष्णतेपैकी किती भागाचे कार्य झाले? दाब वाढवण्याचा लाभ होतो तो दुसरीला.

वाफेच्या कोष्टकांवरून हे सहज पडताळता येते. दोन संच घेऊ. दोन्हींत वाफ शेवटी ०.०५ बार दाबाच्या, म्हणजे सुमारे ३३ अंश सेल्सियस तापमानाच्या संघनकात जाते असे धरू. पहिल्यात वाफ १० बार दाबाची, संपृक्त, १८० अंशांची. एक किलो पाण्याची अशी वाफ करायला सुमारे २६४० किलोज्यूल उष्णता लागते आणि आदर्श यंत्रातून ७७० किलोज्यूल कार्य मिळते. म्हणजे २९ टक्के. दुसऱ्यात वाफ ६० बार दाबाची व ५१० अंशांपर्यंत तापवलेली. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या जहाजांत अशी वाफ वापरली जाते. तिला सुमारे ३३०० किलोज्यूल लागतात आणि कार्य मिळते सुमारे १३४० किलोज्यूल. म्हणजे ४० टक्क्यांच्या वर. उष्णता पाव पट जास्त दिली, पण कार्य पाऊण पट वाढले.

असे का होते, याचे उत्तर ‘ताकद’ या शब्दात नाही. कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली उष्णतेची तुलना धबधब्याशी केली. उजनी धरणातले पाणी जितक्या उंचीवरून सोडाल, तितके दर लिटरमागे कार्य जास्त. तसेच उष्णता जितक्या उंच तापमानावर यंत्रात शिरेल आणि जितक्या खालच्या तापमानावर बाहेर पडेल, तितका तिचा उपयोग जास्त. पाण्यावरचा दाब वाढवला की ते अधिक तापमानावर उकळते. १० बारला १८० अंशांवर, ६० बारला २७६ अंशांवर. दाब हे येथे केवळ साधन आहे, साध्य आहे ते उंच तापमान. (ही उपमा वर्गात वापरताना तिची मर्यादाही सांगावी. धबधब्याचे सर्व पाणी खाली पोचते. उष्णतेचा मात्र काही भाग वाटेतच कार्यात रूपांतरित होतो आणि उरलेलीच खाली उतरते. कार्नोला त्या वेळी हे उमगले नव्हते.)

आता गंमत पाहा. यंत्राला लाभ देणारा हाच वाढीव दाब खुद्द बॉयलरला अडचणीत टाकतो. नळ्यांत पाणी २७६ अंशांवर उकळत असेल, तर नळ्यांबाहेरचे धुराचे वायू त्या तापमानाखाली थंड होऊच शकत नाहीत, कारण उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते. म्हणजे केवळ दाब वाढवला, बाकी काहीच केले नाही, तर वायू अधिक गरम असतानाच धुराड्याबाहेर जातील आणि बॉयलरची कार्यक्षमता घटेल! तक्त्यातले वाक्य शब्दशः घेतले तर सत्याच्या नेमके उलट आहे.

या अडचणीतून मार्ग काढण्यातच बॉयलर-रचनेचे खरे कौशल्य आहे. उकळत्या पाण्याजवळून निघालेल्या गरम वायूंच्या वाटेत त्याहून थंड असे काहीतरी ठेवायचे. एक तर बॉयलरमध्ये शिरू पाहणारे पाणी. ही रचना म्हणजे इकॉनॉमायझर. एडवर्ड ग्रीन याने १८४५ साली तिचे पेटंट घेतले. दुसरे म्हणजे भट्टीत शिरू पाहणारी हवा. जेम्स हौडन याने १८८० च्या दशकात जहाजांवर धुराच्या उष्णतेने हवा तापवून पंख्याने भट्टीत सोडण्याची पद्धत रूढ केली. दारातून बाहेर पडणाऱ्या पाहुण्याच्या हातून जाता जाता काहीतरी काढून घ्यावे, तसाच हा प्रकार.

दाबाची किंमत

दाब वाढवायचा म्हटले तर तो सोसणारे भांडेही हवे. जुन्या आगबोटींतील बॉयलर म्हणजे सुमारे चार मीटर व्यासाचे मोठे आडवे पिंप. त्याच्या आत भट्टी व धुराच्या नळ्या आणि त्यांच्या भोवती पाणी. पिंपाच्या पत्र्याची जाडी काढण्याचे सूत्र दहावीच्या मुलाला समजेल इतके सोपे आहे. दाबाला व्यासाने गुणा आणि धातूला सोसेल त्या ताणाच्या दुपटीने भागा. सोसवणारा ताण ८० मेगापास्कल धरू. १५ बार म्हणजे १.५ मेगापास्कल दाबाला चार मीटरच्या पिंपाची जाडी ३७.५ मिलिमीटर येते. ६० बारला तीच १५० मिलिमीटर होते. एवढ्या जाड पत्र्याचे एवढे पिंप बोटीत घालणे व्यवहार्य नाही. पण ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीला ६० बार सोसायला दोन मिलिमीटरपेक्षाही कमी जाडी पुरते.

उत्तर उघड आहे. नळीत आग व बाहेर पाणी, याऐवजी नळीत पाणी व बाहेर आग. मोठे भांडे मोडून शेकडो बारीक नळ्या करायच्या आणि पाणी-वाफ वेगळे करायला एक-दोन लहान पिंपे ठेवायची. बॅबकॉक-विल्कॉक्स, यारो, थॉर्निक्रॉफ्ट या नावांचे बॉयलर याच विचारातून आले. आपल्या नौदलाची पहिली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका अशाच चार तीन-पिंपी बॉयलरांवर चालत असे.

पाण्याचा प्रश्न याहून गमतीचा आहे. बोटीच्या चहूकडे पाणीच पाणी, पण त्यातले बॉयलरला चालणारे एक थेंबही नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आरंभीच्या आगबोटी हेच पाणी उकळत. क्षार साठू नयेत म्हणून थोड्या थोड्या वेळाने बॉयलरमधील खारट, पण गरम पाणी समुद्रात सोडून द्यावे लागे. त्याबरोबर कोळशाचे पैसेही समुद्रात जात. शिवाय दाब व तापमान वाढवले की क्षारांचा थर अधिकच धरे, म्हणून दाब वाढवता येत नसे. सॅम्युएल हॉल याने १८३४ साली पृष्ठ-संघनकाचे पेटंट घेतले. त्यात थंड समुद्रजल नळ्यांतून वाहते, वाफ नळ्यांबाहेर थंड होते आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे तेच गोडे पाणी पुनःपुन्हा वापरता येऊ लागले. ही पद्धत रुळल्यावर दाब वाढवण्याचा मार्ग मोकळा झाला. १८६६ साली आल्फ्रेड होल्टच्या ‘अगामेम्नॉन’ने सुमारे चार बार दाबाची वाफ दोन टप्प्यांत वापरून चीनपर्यंतचा प्रवास वाफेला परवडतो हे दाखवून दिले.

क्षारांच्या थराचे गणितही मुलांना देण्यासारखे आहे. पोलाद उष्णता जितकी सहज वाहून नेते, त्याच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याने क्षारांचा थर नेतो. भट्टीलगतच्या नळीच्या दर चौरस मीटरमधून २०० किलोवॉट उष्णता जात असेल, तर एक मिलिमीटर थराच्या दोन बाजूंच्या तापमानात सुमारे २०० अंशांचा फरक पडतो. आत पाणी २७६ अंशांवर असताना नळीचा धातू पावणेपाचशे अंशांच्या वर जातो, मऊ पडतो, फुगतो आणि फुटतो. घरच्या पाणी तापवण्याच्या बंबात किंवा गिझरमध्ये धरलेला पांढरा थर मुलांनी पाहिलेला असतो. त्याचा अर्थ येथे कळतो.

दुसरे वाक्य : आवरण

‘आवरण घातले की उष्णता वाया जात नाही.’ चांगले आवरण असलेल्या मोठ्या बॉयलरच्या अंगावरून सुमारे एक टक्का उष्णता निसटते. खरी गळती धुराड्यातून होते आणि धुराड्याला झाकण घालता येत नाही. हिशेब करून पाहू.

एक किलो भट्टी-तेल पूर्ण जाळायला सुमारे १४ किलो हवा लागते. थोडी जादा, समजा १५ टक्के, द्यावीच लागते. म्हणजे धुराचे वायू झाले सुमारे १७ किलो. एक किलो वायू एक अंशाने तापवायला सुमारे १.०५ किलोज्यूल लागतात. बाहेरची हवा ३० अंश आणि धूर ३५० अंश असेल, तर धुराबरोबर सुमारे ५७०० किलोज्यूल जातात. तेलाची उष्णता किलोमागे सुमारे ४०,५०० किलोज्यूल. म्हणजे १४ टक्के गेले. धूर १५० अंशांपर्यंत थंड केला, तर नुकसान सुमारे ५ टक्के. धुराचे तापमान वीस-बावीस अंशांनी उतरले की एक टक्का वाचतो, हा अभियंत्यांचा ठोकताळा या हिशेबातूनच निघतो.

आता हवा १५ ऐवजी ६० टक्के जादा दिली असे समजा. वायू २३ किलोंवर गेले आणि ३५० अंशांवर नुकसान १९ टक्के झाले. जळण्याशी काही संबंध नसलेला नायट्रोजन आपण फुकट तापवून बाहेर सोडला. उलट हवा कमी पडली, तर कोळशाचा पूर्ण कार्बन डायॉक्साइड न होता कार्बन मोनॉक्साइड व काजळी होते आणि न जळलेले इंधनच बाहेर जाते. म्हणून बॉयलरवरचा जाणता माणूस दाबमापकाइतकेच धुराच्या रंगाकडे व त्यातील ऑक्सिजनच्या प्रमाणाकडे पाहतो.

मग धूर आणखी थंड का करू नये? १०० अंश, ६० अंश? येथे रसायनशास्त्र आडवे येते. तेलात गंधक असते. त्याच्या ज्वलनातून थोडा सल्फर ट्रायॉक्साइड होतो, तो पाण्याच्या वाफेशी संयोग पावतो आणि धातूचा पृष्ठभाग साधारण १२० ते १५० अंशांखाली गेला की त्यावर गंधकाम्लाचे दव पडते. नळ्या सडतात. म्हणजे उष्णता वाचवण्याची मर्यादा उष्णतेने नव्हे, तर इंधनातील गंधकाने ठरते. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनात गंधक ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नसावे असा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. आधी ही मर्यादा ३.५ टक्के होती. नियम हवेच्या शुद्धतेसाठी असला, तरी बॉयलर रचणाऱ्यालाही त्याचा विचार करावा लागतो.

तिसरे वाक्य : ८८ टक्के जहाज

या वाक्यातील पहिला अर्धा भाग ठीक आहे, ‘म्हणजे’ या शब्दानंतरचा चूक आहे. बॉयलरने १०० तील ८८ भाग वाफेला दिले. आदर्श यंत्र त्यांपैकी ४० टक्के वापरते. प्रत्यक्षातले टर्बाइन आदर्शाच्या सुमारे ८५ टक्के. या तिघांचा गुणाकार येतो सुमारे ३० टक्के. उरलेल्या उष्णतेपैकी बहुतेक सारी संघनकातून समुद्रात जाते. ती कोणाच्या निष्काळजीपणामुळे जात नाही. खालच्या तापमानाला काही उष्णता सोडल्याखेरीज उष्णतेचे यंत्र चालतच नाही. तक्त्यावरच्या चित्रात बॉयलर होता, यंत्र होते, पंखा होता, पण संघनक नव्हता. आमच्या मते तक्त्यातील ही सर्वांत मोठी उणीव. दुसरा नियम ज्या भांड्यात राहतो, ते भांडेच गाळले होते.

‘आधुनिक जहाजे’ हेही तपासून घ्यावे. डिझेल यंत्रे सुमारे ५० टक्क्यांपर्यंत पोचल्यावर व्यापारी जहाजांनी वाफेचा त्याग केला. ‘क्वीन एलिझाबेथ २’ या प्रख्यात प्रवासी जहाजाचे बॉयलर व टर्बाइन काढून १९८६-८७ साली डिझेल-विद्युत यंत्रे बसवली गेली. द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणारी जहाजे मात्र वाटेत उकळून निघणारा वायू बॉयलरमध्ये सहज जाळता येतो म्हणून बराच काळ वाफेला चिकटून राहिली. अणुशक्तीवरील पाणबुड्यांत आजही वाफच टर्बाइन फिरवते.

चौथे वाक्य : आपला कारखाना

हे वाक्य आम्हाला सर्वांत जास्त लागले, कारण ते पंढरपूरच्या मुलांनी पंढरपूरच्या कारखान्यांविषयी लिहिले होते. गुरसाळ्याचा श्री विठ्ठल सहकारी साखर कारखाना असो की भाळवणीचा, हंगामात त्यांची धुराडी या मुलांना रोज दिसतात.

साखर कारखान्याचे इंधन म्हणजे बगॅस, उसाचा रस काढून उरलेला चोथा. तो निम्मा पाण्याने भिजलेला असतो. एक किलो बगॅसमध्ये अर्धा किलो पाणी. शिवाय उरलेल्या अर्ध्या किलोतील हायड्रोजन जळून आणखी पाव किलोहून थोडे अधिक पाणी होते. एकूण सुमारे पाऊण किलोहून जास्त पाणी वाफ होऊन धुराड्यातून जाते. एवढ्या वाफेबरोबर सुमारे १९०० किलोज्यूल जातात. बगॅसची एकूण उष्णता किलोमागे सुमारे ९५०० किलोज्यूल. म्हणजे पाचवा हिस्सा भट्टी पेटताच इंधनाच्या ओलाव्याने खाल्ला. त्यात बॉयलरचा काही दोष नाही. जहाजाच्या तेलात पाणी जवळजवळ नसते आणि हायड्रोजनच्या पाण्यापायी जेमतेम सहा टक्के जातात. त्यातून जहाजाच्या बॉयलरचा ८८ चा आकडा कित्येकदा हे सहा टक्के आधीच वजा करून काढलेला असतो. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या उंचींची तुलना करून एकाला बुटके ठरवावे, तसे हे झाले.

याहून मोठा मुद्दा पुढेच आहे. जहाज टर्बाइनमधून निघालेल्या वाफेची सुप्त उष्णता समुद्राला देते. साखर कारखाना तीच उष्णता उसाच्या रसाला देतो. त्याला रस आटवण्यासाठी कमी दाबाची वाफ हवीच असते. म्हणून आधी उंच दाबाची वाफ करून तिच्यावर वीज निर्माण करायची आणि टर्बाइनमधून बाहेर आलेल्या वाफेवर रस उकळायचा. हीच सहवीजनिर्मिती. महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांनी बॉयलरचा दाब २१ व ३२ वरून ६७, ८७, काहींनी ११० किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत नेला, त्याचे कारण हे. इंधनातील उष्णतेचा उपयोग पाहिला, तर कारखान्याने जहाजापासून बोध घ्यावा की जहाजाने कारखान्यापासून, हा प्रश्नच आहे.

तिसरा बॉयलर पंढरपूरच्या इतिहासातला. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९०६ साली पंढरपूरला पोचली. पुढे अनेक दशके वारकरी तिच्यातून आले. तिच्या वाफेच्या इंजिनाला संघनक नव्हता. काम झालेली वाफ धुराड्यातच सोडत, म्हणजे तिच्या झोताने भट्टीला हवेची ओढ मिळे. ‘भक् भक्’ आवाज येई तो याचा. रचना साधी, स्वस्त, दणकट. पण अशा इंजिनांची एकूण कार्यक्षमता बहुधा दहा टक्क्यांच्याही आत. तेव्हा तीन बॉयलर : एकाची वाफ हवेत, दुसऱ्याची समुद्रात, तिसऱ्याची रसात. वाफ शेवटी कोठे जाते, हा एक प्रश्न विचारला की तिन्हींचे मर्म उलगडते. तक्त्याने नेमका तोच विचारला नव्हता.

वर्गात काय करावे?

प्रथम एक धोक्याची सूचना. त्या बोटीतील नळीचे पुढचे टोक उघडे होते, ही नशिबाची गोष्ट. काही प्रदर्शनांत पत्र्याचे डबे डाख लावून बंद केलेले ‘बॉयलर’ आम्ही पाहिले आहेत. सुरक्षा झडप नाही, दाबमापक नाही. १० बार दाबावर १८० अंशांना असलेले एक किलो पाणी डबा फुटून एकदम मोकळे झाले, तर त्यातील सुमारे १५ टक्के पाण्याची तत्काळ वाफ होते. ती अडीचशे लिटरहून अधिक जागा व्यापते. आपल्याकडे बॉयलरसाठी १९२३ पासून स्वतंत्र कायदा होता आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. शाळेचा डबा त्या कायद्यात बसो वा न बसो, पदार्थविज्ञानाच्या नियमांत तो बसतोच. शाळेत बंद भांड्यात वाफ करू नये.

कार्यक्षमता शिकायला त्याची गरजही नाही. उघड्या भांड्यात ५०० ग्रॅम पाणी घ्यावे. स्पिरिटचा दिवा आधी व नंतर तोलावा. पाणी ३० पासून ८० अंशांपर्यंत तापले, तर त्याने १०५ किलोज्यूल घेतले. दहा ग्रॅम स्पिरिट जळले असेल, तर किलोमागे २७,००० किलोज्यूलच्या हिशेबाने २७० किलोज्यूल निघाले. कार्यक्षमता ३९ टक्के. आता भांडे वर-खाली करावे, दिव्याभोवती पत्र्याचा आडोसा लावावा, भांड्याच्या बुडाला काजळी धरू द्यावी, झाकण ठेवावे. प्रत्येक वेळी आकडा बदलेल. उरलेले ६१ टक्के कोठे गेले, याची यादी मुलांनीच करावी. बॉयलर रचणारा अभियंता दुसरे काय करतो? तो हीच यादी घेऊन बसतो आणि तिच्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यापासून सुरुवात करतो.

त्या दिवशी दालनाच्या कोपऱ्यात एका मुलीची वही होती. तिच्या घरच्या गुऱ्हाळावर एका काहिलीला ओलसर चिपाड किती लागते आणि चार दिवस उन्हात वाळवलेले किती लागते, याची तिने महिनाभर नोंद ठेवली होती. वाळलेले बरेच कमी लागत होते आणि “पाणी जाळावे लागत नाही म्हणून” असे कारण तिने एका ओळीत लिहिले होते. शब्द शास्त्रीय नव्हते, पण विचार अचूक होता. बगॅसमधील ओलावा ५० वरून ४० टक्क्यांवर आणला, तर मूळ किलोमागे सुमारे ४०० किलोज्यूल, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक उष्णता वाचते. धुराच्या उष्णतेने बगॅस वाळवण्याचे प्रयोग यासाठीच केले जातात. तिच्या वहीशेजारी ना प्रतिकृती होती ना दिवा. आम्ही पाने चाळली, “छान” म्हणालो आणि बोटीकडे वळलो.

तो निकाल आता बदलता येणार नाही. पण पुढल्या प्रदर्शनाला जाताना आम्ही एक नियम मनाशी ठरवला आहे. प्रतिकृती चालते की नाही हे नंतर पाहायचे. आधी विचारायचे, “यातली उष्णता कोठून आली, किती आली आणि शेवटी कोठे गेली?” शिक्षकमित्रांनीही आपल्या शाळेतील वाफेच्या तक्त्यांना हा प्रश्न विचारून पाहावा.